सरकारी कुलपातला खजूर

सरकारनं एकदा स्वतःचा कर स्वतःच्या हातानं सोडून दिला, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि तो सोडला कशासाठी, तर नासक्या खजुरासाठी, असं सांगितलं तर लोक उठूनच जातील. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. वाशिंदच्या अलीकडं हायवेला लागून एक गोदाम होतं आणि त्या गोदामापायी एका दिवाळीत आसपासची माशीसुद्धा भिंत धरून चालत होती. हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. त्यांतली निम्मी म्हणतील की माशा चालत नव्हत्या, बसून होत्या. वाद असलाच तर एवढाच.

पण खजुराच्या आधी राघो सांगायला हवा, कारण त्या साली नासला खजूर आणि आंबला राघो.

राघो सावरपाड्याचा. गोदामापासून बांधाबांधानं निघालं की विडी संपायच्या आत त्याचं घर. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र अजून तरणी. दिवाळीनंतर भाताचे भारे खळ्यावर आले की घराघरातून राघोला बोलावणं यायचं. ते झोडायला नव्हे, बोलायला. बाकीची मंडळी भारे आपटायची आणि राघो पेंढ्याच्या ढिगावर मांडी ठोकून गोष्ट सांगायचा. सिद्धगडच्या रानात वाघानं त्याला वाट विचारली होती. म्हशाच्या जत्रेत विकलेला त्याचा बैल नव्या मालकाची तक्रार सांगायला चालत परत आला होता. गोष्ट रंगात आली की भारे जोरात पडायचे. ज्याच्या खळ्यावर राघो, त्याचं भात शेजाऱ्याच्या आधी झोडून होतं, असं गाव मानायचं. म्हणून चहाची पहिली कपबशी राघोच्या हातात यायची आणि ती तो राजासारखी घ्यायचा.

एकच माणूस त्याला कधी जिंकता आला नाही. त्याची बायको, जनी.

जनी खळ्याच्या कडेला बसून भात पाखडायची. राघो गोष्ट सांगताना बघायचा सगळ्यांकडं, पण कान त्या सुपाच्या आवाजाकडं. लोक पोट धरून हसत, कोणी भारा हातात तसाच धरून आ वासत. सूप आपलं चालूच. इतक्या वर्षांत ते एकदाही अडखळलं नव्हतं. वाघ बोलला तरी नाही, बैल रडला तरी नाही. पुढच्या वर्षी थांबेल, असं राघोला दर वर्षी वाटायचं.

मग ते थांबलं. कमळाकरसाठी थांबलं.

हा कमळाकर त्या गोदामाचा वॉचमन. तिशीतला, सरळ, आणि बोलायला इतका जड की एसटीत तिकीट मागतानासुद्धा आपल्या गावाचं नाव आठवत थांबायचा. त्यानं जन्मात गोष्ट सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी भिमाच्या खळ्यावर भारे झोडायला आला, तेव्हा भिमानं सहज विचारलं, "कमळाकर, तुझ्या गोदामाचा कसला रे वास सुटलाय? आमची कोंबडी उलटी चालते."

"खजुराचा," कमळाकर म्हणाला आणि नेहमीसारखा थांबला. पण लोक बघतायत म्हटल्यावर त्याला पुढं बोलावं लागलं. "आमच्या गोदामाला दोन कुलपं हायत. एक शेठचं, एक सरकारचं."

"सरकारचं कशाला? सरकार खजूर खातं काय?"

"खजूर परदेशातनं आलेला. त्यावर सरकारची ड्यूटी, म्हंजे कर. शेठ म्हणतो, माल बाहेर काढीन तवा भरीन. सरकार म्हणतं, बरं, पन तवर माझं कुलूप. दोन्ही चाव्या लागल्याबिगर दार उघडत नाय. नि सरकारची चावी कल्याणच्या साहेबाकडं, नि साहेब दिवाळीला त्याच्या गावी."

"मग?"

"मग छपरावरची पाण्याची टाकी फुटली. पत्रा फोडून आत. सगळं पाणी पोत्यांवर. मी धावत गेलो, माझ्या चावीनं माझं कुलूप उघडलं." तो थांबला. "नि दुसऱ्या कुलपाकडं बघत बसलो."

खळं हसलं. राघोही हसला, वडीलधारा माणूस लहान पोराच्या उडीला हसतो तसा. एवढ्यात गोष्ट संपणार, हे त्याला दिसत होतं.

"वाशिंदला जाऊन एसटीडीवरनं फोन लावला. तिकडनं बाई म्हणाली, ऑफिस बंद हाय, हॅपी दिवाळी. परत आलो, तं दाराखालनं पाक यायला लागलेला."

"पाक?" कोणीतरी विचारलं. "कसला गो बाई पाक?"

राघोनं मान वळवली. विचारणारी जनी होती. सूप तिच्या हातात हवेतच राहिलं होतं आणि त्यातला कोंडा वाऱ्यानं तिच्याच अंगावर येत होता, तरी तिला पत्ता नव्हता.

"खजुराचा, वैनी. काळा, दाट. मांजर चोरपावलानं येतं तसा हळूहळू आला. मुंग्या आल्या. मधमाश्या आल्या. उन्हानं तो पाक आंबला. मग डुकरं आली, त्यांनी चाटला, नि हायवेच्या कडेला आडवी झाली. ट्रकवाले हॉर्न मारतायत, उठतो कोण? पोस्टमन सायकलवरनं उतरला, म्हणाला, कमळाकर, वास कसला रे? नि तिथंच बसला. दिवस बुडायला उठला नि मला विचारतो, आज रविवार काय?"

खळ्यावर एकही भारा पडत नव्हता. कामाचा पार बट्ट्याबोळ झाला होता आणि भिमा, ज्याचं भात होतं, तोच सगळ्यांत मोठ्यानं हसत होता.

"मधमाश्या खजूर खात नाय," राघो म्हणाला.

कोणी ऐकलं नाही.

"मी सांगतो, मधमाश्या खजुराला तोंड लावत नाय. सिद्धगडला एकदा..."

"थांबा वो राघोदादा," भिमा म्हणाला. "शेठचं काय झालं रे कमळाकर? माल तं गेला, वर ड्यूटी बी भरायची? मेला म्हणायचा."

थांबा! राघोला? पेंढ्याच्या ढिगावरून राघो उतरला. "पाय मोकळे करून येतो," तो म्हणाला. 'बसा हो, जाता कुठं' असं कोणीतरी म्हणेल म्हणून जरा घुटमळला. कोणी म्हणालं नाही. मग तो खरंच गेला, भाताच्या उडव्यामागं जाऊन उभा राहिला आणि खळ्यावरून हसण्याचे आवाज येतील तेव्हा ते ऐकू येऊ नयेत म्हणून खोकत राहिला.

तो तिकडं खोकत होता तेव्हाच कमळाकर इकडं म्हणाला, "नाय, तसं नाय. साहेब आल्यावर म्हणाला, माल कुलपात असतानाच नासला, तं सरकार ड्यूटी माफ करतं. शेठनं अर्ज केलाय."

"सरकार माफ करतं? चल, काय पन सांगतो!"

"खरंच. पन एक हाय. माल नासलेलाच पायजे. चोरीला गेला असंल तं माफी नाय. मग शेठला सगळी ड्यूटी भरावी लागंल, नि पयला धरतील मला. वॉचमन असून माल गेला कसा, म्हणून."

"अरे देवा," जनी म्हणाली. "म्हणजे तुझी भाकरी त्या खजुरावर?"

"माझी भाकरी काय, वैनी, मी सुदिक त्याच्यावरच."

हे सगळ्या खळ्यानं ऐकलं. उडव्यामागं खोकणाऱ्या राघोनं तेवढं ऐकलं नाही. दुसऱ्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची त्याला सवयच नव्हती.

त्या दिवसापासून राघोच्या जेवणाची चव गेली. जनीनं वालाचं बिरडं केलं तरी तो म्हणाला, मीठ नाही. घातलं तर म्हणाला, जास्त झालं. पुढच्या खळ्यावर त्यानं आपला राखून ठेवलेला माल काढला. सिद्धगडच्या माथ्यावर ढगात अडकलेल्या म्हशीची गोष्ट, जी तो तीन-चार वर्षांतून एकदाच सांगायचा. म्हैस अर्धी ढगात होती, अर्धी बाहेर, आणि लोक खालून दूध काढत होते, एवढ्यात कमळाकर कोपऱ्यात येऊन बसला.

"ए कमळाकर," बाईजा म्हातारी ओरडली, "ते डुकराचं सांग रे! माझ्या सुनेनं नाय ऐकलं."

म्हैस ढगातच राहिली.

हेही राघोनं गिळलं असतं. पण दोन दिवसांनी तो विहिरीच्या वाटेनं येत होता, तर कठड्याशी जनी उभी. हंडा भरून ठेवलेला, भोवती बाया. जनी हातवारे करून सांगत होती, "नि पोस्टमन उठला नि म्हणतो कसा, आज रविवार काय?" बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. जनीनं पोस्टमनसारखे डोळे मिचकावले.

राघो करवंदीच्या जाळीआड तसाच थबकला. त्याच्या एवढ्या शेकड्यानं गोष्टी झाल्या. त्यांतली एकही जनीनं कधी कोणाला सांगितली होती का? वाघाची? बैलाची? आणि ह्या मुक्या वॉचमनची सांगते, तीही डोळे मिचकावून! कमळाकर तिचं पोर शोभावा एवढ्या वयाचा, त्यामुळं मत्सर तसला नव्हता. तसला असता तर परवडला असता. चार शिव्या देऊन माणूस मोकळा होतो. ह्या जळण्याला नावच नव्हतं. आपलं इतक्या वर्षांचं खोटं एका खऱ्या गोष्टीनं पाडलं, हे सांगायचं कुणाला?

त्यानंतर तो रोज काहीतरी निमित्त काढून गोदामाकडून जायला लागला. वास विरला का बघायचा. वास विरत नव्हता. गेटवर कमळाकर उठून उभा राहायचा, "या राघोकाका, बसा," म्हणायचा. तो इतका नीट वागायचा की राघोला त्याचा आणखीनच राग यायचा.

"फाटक गंजलं तुझं," राघो एकदा म्हणाला.

"हो काका," कमळाकर म्हणाला.

याच्यावर भांडण कसं काढायचं?

मग एके सकाळी कल्याणहून कस्टमची जीप आली. साहेब जाडे, शांत, कपाळाला रुमाल लावलेले. शेठही आपल्या गाडीतून आले. अर्जाचं शेवटचं काम होतं. नासका माल पंचांसमोर तपासायचा, खड्ड्यात टाकून पुरायचा आणि तसं लिहून वर पाठवायचं, म्हणजे माफीवर सही होणार. गोदामामागं खड्डा खणून झाला होता. माल आणि माती ओढायला पाड्यावरच्या बाया घमेली घेऊन आल्या होत्या, त्यांत जनी. बाकीचं गाव नुसतं बघायला.

"दोन पंच हवेत," साहेब म्हणाले. "गोदामाशी काही संबंध नसलेले. गावातले प्रतिष्ठित."

शेवटचा शब्द पुरता बाहेर पडायच्या आत राघो पुढं येऊन उभा होता. दुसरा भिमा, त्याला लोकांनी ढकलला.

दोन्ही कुलपं उघडली. शटर वर गेलं आणि आतून असा भपकारा आला की शेठची गाडीसुद्धा जरा मागं सरकली, असं लोक सांगतात. आत पोती एकमेकांत विरघळून काळा डोंगर झालेला, वरून टाकी पडली तिथं पत्र्याला भगदाड आणि त्यातून ऊन. साहेबांनी डोंगराला फेरी घातली, कागद पाहिले, पुन्हा डोंगर पाहिला.

"ढीग कमी वाटतो," ते म्हणाले. "आत आला होता तेवढा हा माल नाही."

"पाक वाहून गेला, साहेब," कमळाकर पटकन म्हणाला. इतकं पटकन तो कधीच बोलत नसे. "खाली बसला. डुकरांनी खाल्ला तो दाराबाहेरचाच."

साहेब हसले. "तो डुकरांचा जबाब तुझाच ना? आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचला. मोठ्या साहेबांनी तर पोस्टमनचा भाग परत वाचायला लावला. बरं सांगतोस तू."

बायांच्या रांगेत खसखस पिकली. "ऐकलंस गो?" जनी शेजारणीला म्हणाली. "कमळाकरची गोष्ट कल्याणला गेली."

कल्याणला! राघोच्या गोष्टी कधी भातसा नदी ओलांडून गेल्या नव्हत्या.

"हं, पंच," साहेबांनी पेन काढलं. "काय दिसतं ते सांगा. म्हणजे लिहितो."

"खजूर हाय, साहेब. नासलेला," भिमा म्हणाला. "घाण मारतो."

"तुम्ही?"

राघोनं एवढंच म्हणायचं होतं, 'मीही तेच बघतो.' तसं म्हणून तो घरी जेवायला गेला असता. पण सगळं गाव गोल उभं होतं, साहेबाच्या हातात पेन होतं, आणि समोर जनी होती. असं खळं त्याला जन्मात मिळालं नव्हतं.

"साहेब," राघो म्हणाला आणि त्यानं घसा खाकरला, "हा कमळाकर तुम्हाला दाराबाहेरचं सांगतो. बाहेरचं कोणी पन सांगंल. आतलं मला इचारा."

"आतलं?"

"पाडव्याची पहाट. टाकी पडल्याचा दणका मी घरी ऐकला. म्हटलं, सरकारचा माल, बघाया पायजे. बैलगाडी जुंपली नि आलो. हा कुंभकर्ण गेटवर घोरत होता. मी मागनं छपरावर चढलो, ह्याच भगदाडातनं दोर सोडला नि उतरलो आत. खजूर कसला, साहेब, सोनं! कोरडी पोती वेचून वेचून वर वढली. गाडी काठोकाठ भरली. बैलांनी नुसता वास घेतला, तं ते गाणं म्हणाया लागले. डावा बैल चाल लावायचा, उजवा टाळी द्यायचा. झिंगून पार मुरबाडकडं गेले, म्हशाला जाऊन थांबले. वाटेत बारा गावं लागली. बाराही गावांत मी खजूर वाटला. पोरं अजून माझं नाव घेत्यात."

बोलता बोलता त्याची नजर जनीकडं होती. घमेलं डोक्यावर घेऊन ती ताठ उभी होती. डोळे त्याच्यावर रोखलेले. हलत नव्हती, शेजारणीशी बोलत नव्हती. राघोच्या छातीत कारंजं उडालं. ऐकते! ही ऐकते!

मग त्याच्या ध्यानात आलं की कोणी हसत नाही.

साहेब लिहीत होते. तांदूळ निवडताना खडे तेवढे उचलावेत, तसं त्यांनी बैलांचं गाणं सोडून बाकीचं उचललं होतं. "छपरावरून आत प्रवेश," ते मोठ्यानं म्हणाले. "वॉचमन झोपलेला. चांगल्या स्थितीतली पोती. एक गाडी." त्यांनी ढिगाकडं पाहिलं. "म्हणून कमी आहे तर."

शेठ म्हणाले, "साहेब, अहो, हा म्हातारा..."

"तुम्ही थांबा. माल नासला तर ड्यूटी माफ. माल चोरीला गेला तर नाही. हा तर स्वतःच्या तोंडानं सांगतो आहे. मग तुमच्या अर्जाचं मी काय करू? आणि ह्या वॉचमनला आता पोलिसांनीच विचारावं."

कमळाकर जिथं उभा होता तिथंच खाली बसला आणि त्यानं आपल्या कमरेची ती एक चावी काढून समोर मातीवर ठेवली.

राघो एकेकाच्या तोंडाकडं बघू लागला. माफी, चोरी, पोलीस, हे सगळं काय आहे? आणि ते बाकी सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं का दिसतंय? भिमा त्याच्याकडं बघत होता ते कोणी परक्याकडं बघावं तसं. 'साहेब, गंमत केली' एवढे तीन शब्द पुरले असते. पण सांगितलेली गोष्ट मागं घ्यायचे शब्द राघोच्या तोंडात कधी आलेच नव्हते. ते कुठून सुरू करतात हेच त्याला कळेना. त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "बैल... खरंच चांगलं गायचे."

"सही येते की अंगठा?" साहेबांनी कागद पुढं केला. "कोणाला यात काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. एकदा सही झाली की हा कागद माझ्याबरोबर गेला."

राघोनं पेन हातात घेतलं.

धाडकन आवाज झाला. जनीनं घमेलं जमिनीवर आपटलं होतं. माती अंगभर उडाली तरी ती तशीच पुढं आली, साहेब आणि राघो यांच्या मधोमध उभी राहिली आणि हायवेपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"खोटं हाय, साहेब! पयल्या शब्दापासनं ऐकते मी, सगळं खोटं हाय! गाडीभर खजूर काढला म्हणतो, बारा गावांत वाटला म्हणतो, मग माझ्या घरात खजुराची एक बी नाय आली ती कशी? नि पाडव्याच्या पहाटं हा कुठं व्हता ते मला इचारा. माझ्यासमोर पाटावर बसला व्हता! मी ओवाळलं, नि ताटात घालायला ह्याच्याकडं काय पन नव्हतं, म्हणून ओवाळणी म्हणून ह्यानं मला एक गोष्ट सांगितली. भातसाकाठच्या मोराची. आख्खी पाठ हाय मला, साहेब, सांगू काय? तुमच्या कागदावरच्या ह्या गोष्टीपरीस ती जाम बरी हाय!"